दाजूंना व्हिसा मागणाऱ्यांनो

आज सकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला. होमस्टेवाल्यांनी नेपाळी माणसं ठेवू नयेत, सरकारने त्यांना व्हिसा लावावा, हद्द बंद करावी. खाली अंगठेच अंगठे. त्यातले निम्मे लोक माझ्याकडे जेवून गेलेत, दाजूंच्या हातचं. तेव्हापासून कामात लक्ष नाही, म्हणून इथे लिहितेय.

दाजू आमचे आचारी. घर गोरखा जिल्ह्यात. पर्यटक 'ए बहादूर' म्हणून हाक मारतात तेव्हा मला तिडीक येते. नेपाळीत दाजू म्हणजे मोठा भाऊ, आम्ही तेच म्हणतो. आंबोळी माझ्यापेक्षा जाळीदार काढतात. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती, हे त्यांना सांगावं लागत नाही.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. ऐन सीझन, बावीस पानं जेवायला. पावणेबाराच्या सुमारास तिकडे भूकंप झाला आणि थोड्या वेळाने टीव्हीवर गोरखा हे नाव दिसलं. दाजू वाटप भाजत होते. खांदा आणि कानात फोन धरून ते परतत राहिले. फोन लागत नव्हता, पुन्हा लावायचे, पुन्हा तेच. मी म्हटलं, सोडा, मी बघते. म्हणाले, "करपेल वहिनी." बावीस माणसं जेवून उठली आणि मग ते मागच्या पडवीत जाऊन बसले.

त्यांना बाहेरचे म्हणता? देवगड-रत्नागिरीच्या हापूसच्या बागा रात्री कोण राखतं? ट्रॉलरवर जाळी कोण ओढतं? ३१ जुलै १९५० ला भारत-नेपाळ करार झाला. त्याच्या सातव्या कलमाने त्यांना इथे राहायला, फिरायला, धंदा करायला मोकळीक आहे, आणि आपल्याला तिकडे. कुणी उपकार केलेले नाहीत.

आणि व्हिसा लावा म्हणणं सोपं आहे. ते काय असतं हे माझ्या दादाला विचारा. तो दोहाच्या एका हॉटेलात किचनमध्ये होता. २०१६ मध्ये बाबा गेले. तेव्हा कतारमधून बाहेर पडायला मालकाची परवानगी लागायची. मालक सुट्टीवर, सही करायला कुणी नाही. बाबांना अग्नी माझ्या नवऱ्याने दिला. दादा दारात आला तो पाचवा दिवस होता. २०१८ मध्ये ती अट बहुतेक कामगारांसाठी निघाली, पण आमच्या बाबांसाठी उशीर झाला होता. ग्रुपवर अंगठा देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची पोरं आज दुबईला, मस्कतला, नाहीतर क्रूझवर कांदे कापतायत. त्यांच्याबद्दल तिकडे कुणी असं लिहिलं तर?

स्थानिक पोरांना काम मिळायला हवं, मान्य. पोलीस ठाण्यात नोंद हवी, तीही मान्य, आम्ही करतो. पण पोरं टिकत नाहीत ती आळशी म्हणून नाही. आम्ही काम देतो आठ महिने, पावसाळ्यात बिनपगारी घरी बसवतो. कोण थांबेल? ते गोव्याला जातात, मुंबईला जातात. ही चूक आम्हा धंदेवाल्यांची आहे. तिचं खापर दाजूंच्या डोक्यावर का?

लिहिता लिहिता राग उतरला. भूकंपानंतरचंच आठवत राहिलं.

तीन दिवसांनी दाजू निघाले. कुणाची सही नाही, कुणाची परवानगी नाही. कुडाळहून मुंबई, तिथून गोरखपूर, आणि सुनौलीची हद्द पायी ओलांडली. घर पडलं होतं, गोठ्यातली म्हैस ढिगाऱ्याखाली गेली होती. आई वाचली. पाऊसभर ताडपत्रीखाली राहिले, शेत लावलं, आणि गणपतीच्या आधी चार दिवस आमच्या अंगणात उभे. हातात कागदाची पुडी. उघडली तर काळपट छोटे दाणे, वास थेट तिरफळाचा. "वहिनी, हे आमच्याकडचं. तिमूर." तेव्हा मला रडू आलं होतं.

आज दुपारी तो ग्रुप उघडा असलेला माझा फोन ओट्यावर राहिला. दाजू तिथेच नारळ खवत होते. देवनागरी त्यांना आपल्याइतकीच वाचता येते. वाचलं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आत्ता तांदूळ वाटायला घेताना म्हणाले, "उद्या आंबोळ्या किती जणांच्या?"

चौदा, म्हटलं.