बार्थोलोम्यू ओग्बेचे भाडोत्री होता का? मिरजकर तिकटीवरचा एक वाद

आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या, तारखांचा घोळ आता सर्वांनाच पाठ झाला आहे. त्यामुळे कोल्हापुरातल्या मिरजकर तिकटीजवळच्या आमच्या कट्ट्यावर गेल्या रविवारी नव्या हंगामाऐवजी जुन्या हंगामांवर बोलणे निघाले. भारतात खेळून गेलेल्या परदेशी स्ट्रायकरांपैकी (गोल मारणाऱ्या आघाडीच्या खेळाडूंपैकी) पहिले पाच कोण, अशी यादी प्रसादने मोबाइलवर केली होती. त्यात नायजेरियाच्या बार्थोलोम्यू ओग्बेचेचे नाव ऐकताच अण्णांनी हात आडवा केला. गळ्यातला पेठेच्या संघाचा रुमाल त्यांनी सारखा केला (हा रुमाल ते भर उन्हाळ्यातही काढत नाहीत) आणि खर्जातला आवाज लावून निकाल दिला, "जो माणूस पाच हंगामांत चार क्लब फिरला, तो कुणाचाच नसतो. तो भाडोत्री. त्याचे नाव यादीत नको."

तात्या तोपर्यंत गप्प होते. तरुणपणी ते सेंटर फॉरवर्ड होते. पेठेचा संघ सोडून मुंबईला एका बँकेच्या संघात गेले, नोकरी पक्की झाली, निवृत्तीनंतर परत आले. त्यांचे पेठ सोडणे अण्णांनी आजतागायत माफ केलेले नाही, हे कट्ट्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. ओग्बेचेवरचा वाद निम्मा तात्यांवरचाच होता, हेही कुणाच्या नजरेतून सुटले नाही.

"चार क्लब तू मोजलेस ते फक्त भारतातले," तात्या म्हणाले. "त्याआधीचे मोजायला बसलास तर तुझा चहा गार होईल."

प्रसादने मोजायला सुरुवात केली. पॅरिस सेंट जर्मेन, बास्तिया, मेत्झ, मग अमिरातीतला अल जझीरा, स्पेनमध्ये अलावेस, व्हायादोलिद आणि कादिझ, इंग्लंडमध्ये मिडल्सब्रो, ग्रीसमध्ये झांथी, नेदरलँड्समध्ये कांबूर आणि विलेम टू. त्यानंतर भारतात गुवाहाटीचा नॉर्थईस्ट युनायटेड, केरळ ब्लास्टर्स, मुंबई सिटी आणि हैदराबाद. अण्णा प्रत्येक नावागणिक विजयी मुद्रेने मान हलवत होते, जणू आरोपपत्रच वाचले जात होते.

"2002 च्या विश्वचषकात हा नायजेरियाकडून खेळला तेव्हा 17 वर्षांचा होता," अण्णा म्हणाले. "अर्जेंटिनाविरुद्ध बातिस्तुताने गोल केला, त्या सामन्यात हा मैदानावर होता. ओकोचा आणि कानू त्याचे सोबती. पॅरिसच्या क्लबात रोनाल्डिन्हो. एवढी सुरुवात मिळालेला माणूस 34 व्या वर्षी गुवाहाटीत येतो, याला घसरण म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?"

"तो गुवाहाटीत येऊन काय करून गेला, ते आधी सांग," तात्यांनी विचारले, आणि अण्णांना ते आठवत नसल्यामुळे उत्तर मास्तरांना द्यावे लागले.

मास्तर शाळेत खेळ शिकवतात आणि आकड्यांपेक्षा पायांबद्दल बोलतात. 2018 चा ऑक्टोबर महिना त्यांनी डोळ्यांपुढे उभा केला. चेन्नईयिनच्या मैदानावर नॉर्थईस्ट दोन गोलांनी मागे पडले होते. ओग्बेचेने तीन गोल केले आणि सामना 4-3 असा फिरला. त्या हंगामात त्याने 18 सामन्यांत 12 गोल केले आणि तोपर्यंत बाद फेरीचे तोंडही न पाहिलेला तो क्लब पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला. तिथे बेंगळुरूविरुद्धचा पहिला सामना नॉर्थईस्टने 2-1 असा जिंकला, पण परतीच्या सामन्यात दुखापतीमुळे ओग्बेचे नव्हता आणि बेंगळुरूने 3-0 असा विजय मिळवला. एका माणसाच्या असण्यानसण्याने संघाची उंची किती बदलते, हे त्या दोन सामन्यांत जितके स्पष्ट दिसले तितके मी क्वचितच पाहिले आहे.

"मग तिथेच का थांबला नाही?" अण्णांनी विचारले. "केरळने जास्त पैसे दिले म्हणून गेला ना?"

"प्रशिक्षक गेला, त्याच्यामागे गेला," तात्या म्हणाले. "एल्को स्काटोरी नॉर्थईस्ट सोडून केरळला गेले आणि हा त्यांच्याकडे गेला. ज्या माणसाने आपल्यावर विश्वास टाकला त्याच्याकडे जाणे तुझ्या हिशेबात निष्ठेत बसत नाही, कारण तुझी निष्ठा फक्त रुमालाच्या रंगाशी आहे."

केरळमधला तो हंगाम मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही याचे वाईटही वाटते. कोचीतल्या पहिल्याच सामन्यात त्याने कोलकात्याच्या एटीकेविरुद्ध दोन गोल केले. पुढे 16 सामन्यांत 15 गोल झाले. त्या वर्षी रॉय कृष्णा आणि नेरियस वाल्स्किस यांचेही 15 गोल होते आणि सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा सोनेरी बूट वाल्स्किसला गेला. फरक असा की ते दोघे अंतिम फेरीत खेळलेल्या संघांचे स्ट्रायकर होते, तर केरळ सातव्या क्रमांकावर राहिले. हरणाऱ्या संघाच्या स्ट्रायकरपर्यंत चेंडू कमी येतो, जो येतो तो वाईट येतो, आणि दोन सेंटरबॅक (मधले बचावपटू) त्याच्या अंगावरच असतात. अशा स्थितीत जवळजवळ दर सामन्यामागे एक गोल करणाऱ्याला पैशासाठी आलेला पाहुणा म्हणणे मला पटत नाही, आणि तसे मी म्हणालोही.

मास्तरांनी इथे जो मुद्दा मांडला, तो त्या संध्याकाळचा सर्वांत उपयोगी मुद्दा होता. सेंटरबॅक क्लब बदलतो तेव्हा आपले काम बरोबर घेऊन जातो, कारण हेडर, टॅकल आणि जागा धरणे हे त्याच्या स्वतःच्या अंगात असते. स्ट्रायकरचे निम्मे काम दुसऱ्यांच्या पायात असते. डावीकडचा विंगर क्रॉस कधी टाकतो, मधला खेळाडू मान वर करतो की नाही, कोण पायात पास देतो आणि कोण मोकळ्या जागेत, हे सगळे नव्याने शिकावे लागते, आणि ते शिकेपर्यंत प्रेक्षक शिट्ट्या मारू लागतात. आयएसएलचा हंगाम तेव्हा चार-पाच महिन्यांचा, परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या आणि करार बहुधा वर्षा-दोन वर्षांचे. तिथे सहा सामने गोल झाला नाही तर जानेवारीत दुसरा माणूस विमानातून उतरतो. 2021-22 पासून मैदानावर एका वेळी पाचाऐवजी चारच परदेशी खेळाडू ठेवण्याचा नियम झाला आणि ती स्पर्धा आणखी कठीण झाली. नेमक्या त्याच हंगामात, 37 वर्षांच्या ओग्बेचेने हैदराबादकडून 20 सामन्यांत 18 गोल केले, सोनेरी बूट घेतला आणि एफसी गोवाच्या कोरोचा आयएसएलमधला 48 गोलांचा विक्रम मागे टाकला.

"पण विक्रम शेवटी सुनील छेत्रीनेच मोडला," अण्णांनी टेबलावर थाप मारली. "2024 मध्ये याच्या 63 गोलांच्या पुढे गेला. एक क्लब, एक माणूस. याला म्हणतात फुटबॉलपटू."

तात्या हसले. त्यांनी प्रसादला छेत्रीचे क्लब वाचायला सांगितले. मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, गोव्याचा डेम्पो, अमेरिकेतला कॅन्सस सिटी, चिराग युनायटेड, पुन्हा मोहन बागान, पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगचा ब संघ, गोव्याचाच चर्चिल ब्रदर्स, आणि मगच बेंगळुरू. मध्ये दोन हंगाम मुंबई सिटीही झाली, जिथे 2015 मध्ये आयएसएलमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक त्याने नॉर्थईस्टविरुद्ध केली.

"बेंगळुरूने त्याला घर दिले तेव्हा तो थांबला," तात्या म्हणाले. "ज्याला घर मिळत नाही त्याच्यावर न थांबल्याचा ठपका ठेवू नकोस. आणि छेत्रीबद्दल माझ्या मनात तुझ्याइतकाच आदर आहे, पण 63 गोलांना ओग्बेचेला 98 सामने लागले. छेत्रीला किती लागले, तेही प्रसादला बघू दे."

प्रसादने बघितले आणि अण्णांकडे पाहून मोबाइल खिशात ठेवला.

अण्णांनी मग मुंबईचा विषय काढला, कारण त्यांना वाटले की तिथे तात्या अडकतील. 2020-21 मध्ये मुंबईकडून 23 सामन्यांत त्याचे 8 गोल, म्हणजे पाच हंगामांतले सर्वांत कमी. त्याच संघात अॅडम ल फॉन्ड्रे हा दुसरा स्ट्रायकर होता आणि त्याचे गोल याच्याहून जास्त होते. "आदल्या वर्षी 15 आणि या वर्षी 8. मन नव्हते त्याचे," असे अण्णांचे म्हणणे.

यावर तात्या जे बोलले ते मी जवळजवळ शब्दशः देतो. "फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी गोव्यात बांबोळीच्या मैदानावर लीग शील्डचा, म्हणजे साखळीत पहिला कोण याचा, फैसला होता. मुंबईला मोहन बागानविरुद्ध जिंकणे भागच होते. 2-0 झाले, त्यात दुसरा गोल कोणाचा? ओग्बेचेचा. 13 मार्चला फातोर्ड्याला अंतिम सामना, पुन्हा तोच प्रतिस्पर्धी, 1-1 अशी बरोबरी, नव्वदावे मिनिट. गोलरक्षक अरिंदम पुढे धावत आला आणि चुकला. चेंडू ओग्बेचेच्या पायात आला. स्वतःच्या नावावर अंतिम सामन्याचा गोल लिहून घेण्याचा मोह कोणाला झाला नसता? त्याने चेंडू बिपिन सिंगकडे दिला. बिपिनने गोल केला आणि मुंबईने एकाच हंगामात शील्ड आणि चषक दोन्ही नेले. ज्याचे मन नसते, तो नव्वदाव्या मिनिटाला मान वर करून सोबती कुठे आहे ते बघत नाही."

कट्टा क्षणभर शांत झाला. मुंबईकर म्हणून मिरवणाऱ्यांपैकी किती जणांना हा पास आठवत असेल, असा प्रश्न मला पडला. पुढच्या वर्षी त्याच फातोर्ड्यावर हैदराबादने केरळला शूटआउटमध्ये हरवले, तेव्हा गोव्याच्या साहिल तावोराने बरोबरीचा गोल केला होता आणि गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवल्या होत्या. त्यांची नावे लोकांनी लक्षात ठेवली हे योग्यच झाले. पण त्या संघाला अंतिम फेरीपर्यंत ज्याच्या गोलांनी नेले, त्याला दोन वर्षांत दोन वेगळ्या क्लबांकडून तो चषक मिळाला, ही गोष्ट मात्र विसरली जाते.

प्रसादने इथे आपल्या गावाचा दाखला काढला. "अण्णा, त्या हैदराबादच्या संघात आपला अनिकेत जाधव होता. 2022 च्या जानेवारीत ईस्ट बंगालला 4-0 असे हरवले, त्यात तीन गोल ओग्बेचेचे आणि उरलेला एक अनिकेतचा. त्या रात्री तुम्ही फटाके लावले होते. अनिकेत त्याआधी जमशेदपूरला होता, नंतर ओडिशाला गेला. त्याला तुम्ही भाडोत्री म्हणणार का?"

"अनिकेत कोल्हापूरचा आहे," अण्णा ठामपणे म्हणाले, आणि एवढ्यावर त्यांचा युक्तिवाद पूर्ण झाला.

"आणि आपल्या पेठेने हंगामापुरते परदेशी खेळाडू शाहू स्टेडियमवर उतरवले, तेव्हा वर्गणीची पावती पुस्तके घेऊन दारोदार कोण हिंडत होते?" मास्तरांनी विचारले. "तेव्हा तुम्ही मला सांगितले होते की उंच माणूस बघून आणा."

अण्णा काही बोलणार तेवढ्यात तात्यांनी शेवटचा घाव घातला. "तुझ्या थोरल्याने पुण्यात पाच वर्षांत तीन कंपन्या बदलल्या. प्रत्येक वेळी पगार वाढला म्हणून तू याच कट्ट्यावर पेढे वाटलेस. मी तिन्ही वेळा खाल्ले. एकदाही विचारले नाही की पहिल्या कंपनीच्या रुमालाचे काय केले."

हसण्याचा जो लोट उठला त्यात पुढची दहा मिनिटे कोणाचेच धड ऐकू आले नाही. अण्णा मात्र हटले नाहीत. पेठेचा पोरगा समोरच्या संघाकडून खेळला तर आपण त्याच्या गोलाला जन्मात टाळी वाजवणार नाही, असे त्यांनी हसू ओसरताच जाहीर केले. तेव्हा चहाचे ग्लास उचलता उचलता चहावाल्यानेच त्यांना आठवण करून दिली की, संघ सोडून गेलेल्या ज्या पुतण्याशी ते वर्षभर बोलले नव्हते, त्याने मागच्या हंगामात पेठेविरुद्ध वीस यार्डांवरून गोल मारला, तेव्हा अख्ख्या गॅलरीत एकटे अण्णाच उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"डास मारत होतो," अण्णा म्हणाले, आणि तात्यांनी त्यांच्या चहाचेही पैसे दिले.