थोरले मामा नेफातून परतले, अहवाल अजून नाही

१५ फेब्रुवारी २००३. बोचऱ्या थंडीत मी लंडनच्या हाइड पार्कात, इराकवरच्या युद्धाला विरोध करायला आलेल्या लाखो लोकांबरोबर उभा होतो. आजूबाजूच्या फलकांवर युद्धाचं खरं कारण लिहिलं होतं: तेल. मलाही तेच पटलं होतं. महिन्याभरात, १८ मार्चला, इथल्या पार्लमेंटने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी इराकवरच्या कारवाईला मंजुरी दिली, ती सद्दामकडच्या महासंहारक अस्त्रांचं नाव घेऊन. अस्त्रं सापडली नाहीत.

या युद्धात ब्रिटन कसं उतरलं याची चौकशी करणाऱ्या चिल्कॉट समितीचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी आला. १२ खंड. जुलै २००२ मध्ये तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान ब्लेअर यांनी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना लिहिलेल्या टिपणाचं पहिलंच वाक्य वाचून मी थांबलो. काहीही झालं तरी मी तुमच्याबरोबर असेन, अशा अर्थाचं. म्हणजे मतदानाच्या आठ महिने आधी! तेलाचा विषय त्या खंडांत आहे, पण मला जास्त दिसली ती अमेरिकेपासून दुरावण्याची भीती, आणि सद्दामला हटवलंच पाहिजे ही ब्लेअर यांची पक्की समजूत. नकार दिल्याने संबंध कायमचे बिघडले असते हेही समितीने मान्य केलं नाही. माझा फलक अर्धवट होता, हे मला सरकारी कागदांनीच शिकवलं.

कराडच्या धाकट्या मामांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "ब्रिटनचे १७९ सैनिक गेले, इराकी किती गेले त्याला गणती नाही. शिक्षा कुणाला झाली?"

कुणालाच नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. पण २०१० मध्ये ब्लेअर यांची समितीपुढची जबानी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. ऑगस्ट २०१३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून सीरियावरच्या कारवाईसाठी पार्लमेंटपुढे गेले, तेव्हा २८५ विरुद्ध २७२ मतांनी हरले. त्या चर्चेत इराकचं नाव पुन्हा पुन्हा निघत होतं.

आपल्याकडे काय आहे? बासष्टच्या चीन युद्धानंतर हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे कराडात लहान मुलालाही ठाऊक असतं. पण यशवंतराव संरक्षणमंत्री असताना, १९६३ मध्ये सादर झालेला, त्या पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स–भगत अहवाल आजवर एकाही सरकारने खुला केलेला नाही, मग ते कोणत्याही पक्षाचं असो. २०१४ मध्ये त्याचा काही भाग बाहेर आला, तो नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकारामुळे. शिवाय ती चौकशी मुख्यतः लष्करी कारवाईची. पुरेशी रसद नसताना सीमेवर पुढे पुढे चौक्या रोवायच्या, हे दिल्लीत कोणी, कशाच्या भरवशावर ठरवलं, याची उघड चौकशी कधी झालीच नाही. आपण मात्र नेहरू चुकले की तेव्हाचे संरक्षणमंत्री मेनन, यावर साठ वर्षं भांडतोय, आणि तेही ऐकीव माहितीवर.

आमचे थोरले मामा तेव्हा सैन्यात, नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात होते. थंडीने पायाची दोन बोटं गेली. अहवाल कधी येणार, हे ते शेवटपर्यंत विचारत राहिले. धाकट्या मामांना मी एवढंच म्हटलं, की त्यांच्यासाठी तरी आपण तो मागायला हवा होता. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अर्ज कुणाच्या नावाने करायचा, ते सांग."