शिनाण्यांना मसाला फासणाऱ्यांनो

शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटणारे आमचे शिंपले, तंदुरी मसाल्यात बुडवून वर चीज किसून शेगडीवर भाजणारा माणूस परवा बघितला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. नाव घेत नाही, सिंधुदुर्गातलंच ठिकाण, आठ शिंपल्यांचे साडेपाचशे रुपये, आणि आत काय आहे ते जिभेला लागतच नव्हतं, पनीर आहे म्हणाला असता तरी खपलं असतं.

आमच्या देवगडला शिनाणे काढायला जायचं ते अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास. उधाणाला भरती मोठी तशी ओहोटीही लांब जाते, एरवी पाण्याखाली असलेली खडपं उघडी पडतात आणि तिथे हे हिरव्या कडेचे शिंपले घोसाघोसाने चिकटलेले असतात. भांगाच्या दिवसात, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, गेलात तर नुसते गुडघे खरचटून परत. आत्या कोयती घेऊन पुढे, आम्ही पोरं गोणपाट घेऊन मागे. घरी आणून बादलीत बुडवून ठेवायचे नाहीत हां, गोड्या पाण्यात मरतात, ओल्या गोणपाटात सावलीत ठेवायचे. ज्या धाग्यांनी तो दगडाला धरून असतो ती दाढीसुद्धा आधी ओढायची नाही, अगदी भाजताना. आणि कुणी आ वासून पडलेला दिसला तर टिचकी मारायची, मिटला तर जिवंत, नाही मिटला तर फेकून द्या, इथे कंजुषी नको.

आता आग. कोळसा नको हो. कोळसा कोंबडीला ठीक आहे, तिला वेळ लागतो. शिनाण्याला भडकन पेटून पटकन बसणारी आग लागते, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या (चुडतं), नारळाची सोडणं, असलाच पाचोळा. चार चिरे, त्यावर जुना पत्रा, त्यावर शिनाण्यांचा एकच थर. शिंपल्यात स्वतःचं खारं पाणी असतं, त्याचीच वाफ होते, दोन्ही शिंपा मिटून धरणारा स्नायू उष्णतेने सुटतो आणि तोंड उघडतं. उघडलं की उचलायचा, बस. तीन-चार मिनिटांचा खेळ आहे, अजून जरा होऊ दे म्हणणाऱ्याच्या वाट्याला रबर येतं. एकदा मी शहाणपणा करून मीठ आणायला उठलो तर आत्या म्हणाली, "मेल्या, दर्यात वाढलेत ते, त्यांका मीठ कित्याक?"

आतून भगवा निघाला तर मादी, पांढरट निघाला तर नर. आम्ही भगव्यासाठी मारामाऱ्या करायचो.

आणि हे काय आपल्याच गावठी डोक्यातून आलेलं नाही. फ्रान्समध्ये ओलेरों बेटाकडे फळीवर शिंपले उभे रचून वर पाइनची सुयांसारखी सुकी पानं टाकून पेटवून देतात, त्यांच्याकडे पाइन आमच्याकडे माड, एवढाच फरक. तेही मसाला लावत नाहीत.

तिसऱ्या म्हणतात त्या छोट्या शिंपल्यांना मात्र हे करू नका. त्या वाळूतल्या, पाण्यात ठेवून वाळू ओकायला लावावी लागते, आणि जीव एवढुसा की आगीवर सुकून जातो, त्यांचं खोबरं घालून सुकंच बरं. कालवं तर दगडालाच चिकटलेली, ती तिथेच फोडून काढायची, त्यांचा विषय वेगळा.

मसाल्यावर माझा खरा राग वेगळ्याच कारणाने आहे. हा जीव दिवसभर पाणी गाळत बसतो, पाण्यात जे असेल ते त्याच्यात. जेटीजवळचा, गटाराच्या तोंडाचा शिनाणा नुसता भाजला तर डिझेलचा नाहीतर चिखलाचा वास लगेच कळतो, तंदुरीखाली काहीच कळत नाही. शिवाय समुद्राचं पाणी लाल-तपकिरी झालेलं असेल तेव्हा खाऊच नका, ते विष आगीनेही जात नाही आणि चवीलाही लागत नाही. म्हणून कुठून काढले हे विचारा. मी त्या माणसाला विचारलं तर म्हणाला, मार्केटमधून.

पुढच्या अमावस्येला गावी जातोय. पत्रा गंजलाय, दुसरा बघायला हवा.

आणि हो, कमेंटमध्ये लिंबू लिंबू करणार आहात ते माहितीये. बरं, चालेल. अर्धं.