‘लष्कर बोलवा’ म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. कुठल्याशा दगडफेकीचा व्हिडिओ, आणि खाली ओळ : ‘पोलीस कशाला, सरळ लष्कर घुसवा. दोन दिवसांत शांत होतील. कोर्ट-बिर्ट नंतर बघू.’ त्यावर ढीगभर अंगठे आणि तिरंगे. टाकणारा साधा माणूस आहे, कुणाचं वाईट चिंतणारा नाही. अंगठे देणाऱ्यांत माझ्या जवळच्या मैत्रिणीसुद्धा. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, कुकर लावला, पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. मग ठरवलं, इथेच लिहावं. इथले तुम्ही लोक निदान वाचून मग भांडता.

माझे वडील फौजी. आबा सुभेदार होऊन पेन्शनीत आले. आमच्या गावाकडे फौजी नसलेलं घर शोधावं लागतं, त्यामुळे ‘तुला लष्कराबद्दल आदर नाही’ हे वाक्य कृपया माझ्यावर वाया घालवू नका.

आबांनी ईशान्येतल्या पोस्टिंगबद्दल आम्हाला कधी काही सांगितलं नव्हतं. पाऊस, जळवा, बांबूचं लोणचं, एवढंच. डिसेंबर 2021 मध्ये टीव्हीवर ओटिंगची बातमी चालू होती. नागालँडच्या मोन जिल्ह्यात कोळशाच्या खाणीतून घरी निघालेले मजूर पिकअपमधून येत होते. जवानांनी त्यांना बंडखोर समजून गोळ्या घातल्या. सहा जण जागीच गेले. मग गाव खवळलं, चकमक झाली, दुसऱ्या दिवशी मोन शहरातही गोळीबार झाला. एकूण 14 नागरिक आणि एक जवान. आबांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि एका मुलाची गोष्ट सांगायला लागले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, आबा तेव्हा हवालदार. पहाटे एका गावाला घेरा घातला. सगळ्या पुरुषांना फुटबॉलच्या मैदानावर आणून बसवलं आणि घरांची झडती सुरू झाली. त्यात एक पोरगा शाळेच्या गणवेशात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं हॉल तिकीट. बोर्डाची परीक्षा होती त्याची. तो ते तिकीट आबांपुढे धरून उभा. आबांनी वाचलं. तारीख त्याच दिवसाची. म्हणाले, ‘बैठो, साहब आएंगे.’ साहेब गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. ते आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. ‘अशांत’ म्हणून जाहीर केलेल्या भागात अफ्स्पा, म्हणजे सशस्त्र दलं विशेषाधिकार कायदा, 1958, लागू असतो. त्याचं कलम 4 वाचलंत तर घशाला कोरड पडेल. पाच किंवा जास्त माणसांच्या जमावावर बंदी असेल आणि ती मोडली जात असेल, तर इशारा देऊन गोळी झाडता येते, जीव गेला तरी. वॉरंटशिवाय अटक, वॉरंटशिवाय झडती. आणि हा अधिकार फक्त अधिकाऱ्यांना नाही, नॉन-कमिशन्ड, म्हणजे नाईक-हवालदारांनाही.

म्हणजे माझ्या आबांना प्रसंगी गोळी झाडायचा अधिकार संसदेनं दिला होता. एका पोराला परीक्षेला सोडायचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नव्हता.

लिहिताना हात थरथरतोय, खरं सांगते.

आणि हा कायदा आणला कुठून? 1942 च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ चिरडायला व्हाइसरॉय लिनलिथगोनं अध्यादेश काढला होता, तिथून. ज्या चळवळीत आपल्या साताऱ्यात पत्री सरकार उभं राहिलं, ज्याचे पोवाडे ऐकत आपण मोठे झालो, ती मोडायला केलेला कायदा. त्यात गोरा साहेबसुद्धा हा अधिकार कॅप्टनच्या खाली देत नव्हता. आपण स्वतंत्र झालो आणि तो हवालदारापर्यंत उतरवला. टाळ्या.

ग्रुपवरच्या कुणाला माहीत नसेल म्हणून सांगते, दंगल झाली तर लष्कर बोलावण्याची साधी वाट आपल्याकडे आहेच. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 130 होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 149 आहे. पोलिसांना जमाव आवरेना तर दंडाधिकारी लष्कराला सांगतात, आणि कायद्यात चक्क लिहिलंय की कमीत कमी बळ वापरायचं, माणसांची आणि मालमत्तेची कमीत कमी हानी करायची. काम झालं की बराकीत परत. ही वाट मला मान्य आहे. पुरात तर आम्हीच हात जोडून त्यांना बोलावतो. पण ‘घुसवा’ म्हणणाऱ्याला ही वाट नको असते, त्याला ती दुसरी हवी असते. जिथे विचारणारं कुणी नाही ती.

कारण अफ्स्पाचं कलम 6. केंद्राच्या परवानगीशिवाय जवानावर खटला चालत नाही. ओटिंगचंच घ्या. नागालँड पोलिसांनी तपास करून लष्कराच्या 30 जणांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्रानं परवानगी नाकारली. सप्टेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं खटला बंद केला. परवानगी मिळाली तर पुढे चालवा म्हणाले. मजुरांच्या बायकांनी आता कुणाकडे जायचं? घटनेचं कलम 21, म्हणजे जगण्याचा हक्क, त्यांच्यासाठी नाहीये का?

हो, मान्य आहे, समोरही बंदुका होत्या. 2015 च्या जूनमध्ये मणिपूरच्या चंदेलमध्ये बंडखोरांनी घात लावून 18 जवान मारले, त्यांच्याही घरी चुली थंडावल्या. आणि कायद्याचं संरक्षण नसेल तर जवानानं लढायचं कसं, हा प्रश्नही खोटा नाही. आबाही हेच विचारतात. पण संरक्षण आणि मोकळीक यात फरक असतो, आणि तो फरक ठरवायला कोर्ट लागतं. तेच तुम्ही ‘नंतर बघू’ म्हणताय.

कोर्टाचंही मला सगळं पटत नाही. 1997 साली पाच न्यायाधीशांनी हा कायदा घटनेला धरून आहे असं सांगितलं. सोबत अटी घातल्या : ‘अशांत’ या घोषणेचा दर सहा महिन्यांनी आढावा घ्या, अटक केलेल्याला लवकरात लवकर पोलिसांच्या ताब्यात द्या, लष्कर मुलकी सत्तेच्या मदतीला आहे, तिच्या जागी नाही. कागदावर छान. पुढे 2004 मध्ये मणिपुरात थांगजाम मनोरमाला जवानांनी रात्री घरातून नेलं आणि सकाळी तिचा मृतदेह सापडला. त्यानंतर इम्फाळच्या कांगला किल्ल्यासमोर बारा आयांनी काय केलं ते मी इथे लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मग जीवन रेड्डी समिती नेमली. तिनं 2005 मध्ये सांगितलं, हा कायदा रद्द करा. झाला का? मणिपूरची इरोम शर्मिला तो काढा म्हणून सोळा वर्षं उपाशी राहिली, तरी नाही.

2016 मध्ये मात्र कोर्ट जरा ताठ उभं राहिलं. मणिपूरच्या 1528 कथित बनावट चकमकींची यादी घेऊन तिथल्या बायका आल्या होत्या, बहुतेक विधवा. न्या. लोकूर आणि न्या. लळीत यांनी सांगितलं, अशांत क्षेत्रातसुद्धा कुणाला सरसकट माफी नाही, बळाचा अतिरेक झाला असेल तर चौकशी होणारच. आपले लळीत. तेवढाच अभिमान.

अमेरिकेतही 2025 मध्ये हेच भांडण झालं. ट्रम्पनी राज्यांच्या इच्छेविरुद्ध शहरांत नॅशनल गार्ड, म्हणजे राज्यांचे राखीव सैनिक, पाठवले, राज्यं कोर्टात गेली. पोर्टलंडच्या प्रकरणात ट्रम्पनीच नेमलेल्या न्यायाधीश बाईंनी तैनाती थांबवली, कारण सांगितलेली परिस्थिती जमिनीवर दिसत नव्हती. डिसेंबरमध्ये शिकागोच्या बाबतीत तिथल्या सुप्रीम कोर्टानंही सरकारला मोकळीक दिली नाही. त्यांचं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, लॉस एंजेलिसमध्ये वरच्या कोर्टानं सरकारची बाजू घेतलीच होती. पण निदान ‘नंतर बघू’ नाही, तेव्हाच बघितलं.

आता राग जरा उतरलाय. त्या मैत्रिणींवर तर नाहीच राहिला. त्यांना वाटतं लष्कर म्हणजे माझ्या आबांसारखी माणसं येणार, शिस्तीची, सरळ. येतीलही. तेच तर म्हणतेय मी. त्या मैदानावर आबाच होते. वाईट माणूस नव्हता तिथे एकही, साहेबसुद्धा नाही. तरी पोराचा पेपर गेला, आणि मैदानावर बसवलेल्या कुणालाही ‘का’ विचारता आलं नाही. माझ्या भावाचं ते दहावीचं वर्ष होतं. त्याला आईनं दही-साखर देऊन पाठवलं होतं, हे आबांना पत्रातून कळलं.

त्रिपुरातून 2015 मध्ये अफ्स्पा गेला, मेघालयातून 2018 मध्ये. आभाळ कोसळलं नाही. मणिपुरात काही भागांतून काढला होता, 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सहा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत परत लावला. तिथली पोरं कुठल्या परीक्षा देतायत, आपल्या ग्रुपवर कुणी विचारलं?

हे ग्रुपवरही टाकणार आहे. काढलं मला तर काढलं. आणि ‘तुझे वडील असं बोलूच शकत नाहीत’ अशी कमेंट येणार, मला माहीत आहे. खुशाल घरी या, आबा संध्याकाळी ओट्यावर असतात, त्यांनाच विचारा. फक्त जरा मोठ्यानं बोला, डाव्या कानानं कमी ऐकू येतं त्यांना. फायरिंग रेंजची देणगी आहे ती.