व्हॉल्ववरचं कॅल्शियम लिंबू-लसणानं निघत नसतंय

आठवडाभर कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय, आमच्या तालमीच्या ग्रुपवर तर तीनदा आला. म्हणे हार्टच्या व्हॉल्ववर कॅल्शियम साठतं ते दुधामुळं, गिझरच्या कॉइलवरचा क्षार व्हिनेगरनं निघतो तसं ते लिंबू-लसणाच्या रसानं विरघळतं, आणि डॉक्टर नाहीतरी कॅल्शियम खरवडूनच काढतात मग जुनाच व्हॉल्व साफ करून ठेवायचा सोडून नवा का गळ्यात मारतात. आमच्या आबांचं हेच व्हॉल्व बदलायचं ऑपरेशन झालंय म्हणून लिहितोय.

दुधाचा काही संबंध नाही. गंगावेशीत उभं राहून धारोष्ण दूध प्यालं म्हणून त्याचा गाळ व्हॉल्वावर बसत नाही. व्हॉल्वच्या पाकळ्या वर्षानुवर्षं उघडझाप करून झिजतात, सूज येते, कोलेस्टेरॉल शिरतं आणि तिथल्याच पेशी हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात. वय, किडनीचा आजार, जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असणं, ही त्याची कारणं.

लिंबू-लसणाचं मात्र माझ्या मनाला लागलंय, कारण आबांनी हा काढा चार महिने घेतला आणि इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, लांबवली. गिझरची कॉइल ॲसिडात बुडवता येते, माणसाच्या रक्ताचा पीएच शरीर ७.३५ ते ७.४५ च्या मधेच धरून ठेवतं, लिंबू पिऊन तो हलत नाही, आणि कॅल्शियम वर चिकटलेलं नसतं तर पाकळीच्या आत मुरलेलं असतं. औषधंसुद्धा करून बघितलीत, २००८ ला १८०० च्या वर पेशंटवर कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा मोठा अभ्यास झाला, व्हॉल्व आवळायचा थांबला नाही. आबांची इको झाली तेव्हा व्हॉल्वचं भोक १ चौरस सेंटीमीटरच्याही खाली आलेलं, नॉर्मल ३ ते ४ असतं. जिना चढताना मधेच कठडा धरून उभे राहायचे.

आता खरवडायचं. जुना व्हॉल्व साफ करून ठेवायचा प्रयत्न सर्जननी खरंच केलाय, १९८० च्या दशकात अल्ट्रासाउंडच्या हत्यारानं, पण काही महिन्यांत पाकळ्या आकसून व्हॉल्वमधनं रक्त मागं गळायला लागलं म्हणून ते सोडून दिलं. आता पाकळ्या कापूनच काढतात आणि मग खालच्या रिंगमधलं कॅल्शियम चिमट्यासारख्या हत्यारानं कणाकणानं तोडतात, नाहीतर नवा व्हॉल्व नीट बसत नाही आणि कडेनं रक्त गळतं. खाली गॉज ठेवतात, सक्शन चालू असतं, शेवटी सलाईननं धुतात, कारण एक कण मेंदूत गेला की पॅरालिसिस. आणि सगळंच उकरून चालत नाही, अगदी शेजारून हार्टची करंटची वायर जाते, ती दुखावली तर पेसमेकर, रिंग फाटली तर त्याहून वाईट. आम्हाला नंतर बाटलीतल्या पाकळ्या दाखवल्या, पिवळट, चिंचोक्यासारख्या टणक, बाटली हलवली की काचेवर खडखड वाजत होत्या. ते बघितलेला माणूस लिंबाचं नाव काढणार नाही.

राहिला मेसेजमधला शेवटचा मुद्दा, की टावीत, म्हणजे छाती न उघडता मांडीतल्या नसेतून व्हॉल्व घालतात तेव्हा कॅल्शियम काढतच नाहीत, म्हणजे काढायची गरजच नव्हती. टावीत टाके नसतात, नवा व्हॉल्व जुन्या पाकळ्या भिंतीकडे दाबून फुलतो आणि ते कॅल्शियमच त्याला घट्ट धरतं. पण गाठी एकाच बाजूला जास्त असल्या तर फट राहू शकते, ते सीटी बघून ठरवतात. आबांच्या दोनच पाकळ्या, गाठीही एकीकडंच, म्हणून त्यांची छाती उघडली. शेजारच्या मावशींना टावी केलं.