कोणाकडे जायचंय?

गेल्या गुरुवारी पहाटे साडेचार वाजता दोन बॅगा, एक झोळी आणि सुजलेले पाय घेऊन मी सोसायटीच्या गेटवर उभी होते आणि मला विचारलं जात होतं, "कोणाकडे जायचंय?" सोसायटी माझी. घर माझं. कर्जाचे हप्ते अजून चार वर्षं जायचेत, तेही माझेच.

मी सहल कंपनीत टूर मॅनेजर आहे. उन्हाळ्यात युरोप, पावसाळ्यात लडाख, मग जपान, आणि मधले आठ-दहा दिवस ठाण्यात, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. या खेपेला पाठोपाठ दोन गट आल्प्समध्ये फिरवून आणले. माणसं सगळी परत आली. एका आजोबांची कवळी तेवढी लुसर्नच्या हॉटेलात राहिली.

झालं असं, की वॉचमनची एजन्सी एक तारखेला बदलली होती. नवा पोरगा वाशिमकडचा, विशीतला, फार नम्र. म्हणाला, ॲपमध्ये ओटीपी टाका. ओटीपी येणार इथल्या नंबरवर, इथलं सिम पर्सच्या चोरकप्प्यात, फोनमध्ये तिकडचं सिम, आणि तो ट्रे उघडायची पिन बहुधा कवळीच्या शेजारी. कानातल्याच्या तारेने प्रयत्न केला, तार वाकली. इंटरकॉम दरवर्षी पहिल्या सरीला बंद पडतो, तसा पडलेला. नवरा सातव्या मजल्यावर घोरत होता आणि त्याचा फोन मुका. तरी तो पोरगा विरघळला होता. माझी एक बॅग त्याने उचललीसुद्धा होती. तेवढ्यात काका आले.

काका ए विंगमधले, तिसऱ्या मजल्यावरचे. सोसायटीच्या सुरक्षा समितीचे अध्यक्ष, सचिव आणि एकमेव सदस्य. रोज पहाटे येऊरच्या रस्त्याला फिरायला जातात. जूनमध्येही माकडटोपी. उजव्या हातात बिबट्यासाठी काठी, डाव्या खिशातल्या मोबाइलवर बिबट्यासाठीच भावगीतं. वनखातं सांगतं, की अंधारात जायची वेळ आली तर गाणी लावा, बोलत चला, म्हणजे बिबट्याला चाहूल लागते आणि तो बाजूला होतो. काकांनी हे इतकं मनावर घेतलंय, की आता माणसंही बाजूला होतात.

"अरे वा, आलात!" काका म्हणाले. "काय म्हणतंय स्वित्झर्लंड?"

मला हायसं वाटलं. "काका, जरा याला सांगा ना, मी बी-सातशे तीनमधली."

काकांनी गाणं बंद केलं. काका गाणं बंद करतात ते फक्त वार्षिक सभेला आणि स्मशानात.

"वहीत नोंद केलीत?"

"वही पाहुण्यांची असते ना, काका?"

"ओटीपी नाही, तर वही. तसा ठराव झालाय. तुम्ही नव्हता."

"अहो, पण तुम्ही ओळखता मला!"

"मी ओळखतो," काका शांतपणे म्हणाले. "समिती ओळखत नाही."

"समिती म्हणजे तुम्हीच ना?"

"पदाने. व्यक्तिशः मी तुमचा शेजारी. व्यक्तिशः मी तुमच्या बॅगासुद्धा वर नेऊन दिल्या असत्या, माझी कंबर एक सोडा. पण आत्ता इथे उभा आहे तो पदाने उभा आहे."

"तुम्ही तर फिरायला निघाला होतात."

"निघालो होतो व्यक्तिशः."

पहाटेच्या साडेचारला माणसाला काही सुचत नाही. मी चॉकलेट काढलं. म्हणजे पिशवीतून नव्हे, वादात. "मागच्या दिवाळीला मी तुम्हाला ते त्रिकोणी चॉकलेट दिलं होतं, ते कोणी खाल्लं? समितीने?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "ते व्यक्तिशः. आणि आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, दाताला चिकटतं."

वॉचमनने आपली खुर्ची मला दिली आणि वही मांडीवर ठेवली. वाईट त्यालाच वाटत होतं. मी नाव लिहिलं. 'कुठून आलात' या रकान्यात लिहिलं, झुरिच. काका खांद्यावरून वाचत होते.

"झुरिच कसं? विमान सहारला उतरलं ना? शेवटचा मुक्काम लिहायचा. सहार लिहा."

खोडून सहार लिहिलं. 'कशासाठी' मध्ये लिहिलं, झोपायला.

"असं नका लिहू, ऑडिटला जातं. 'वैयक्तिक' लिहा."

पाहुण्यांच्या वहीचं ऑडिट कोण करतं हे विचारायचं त्राण नव्हतं. खोडून वैयक्तिक लिहिलं. उरला रकाना 'कोणाकडे'. मी तिथे माझंच नाव लिहायला घेतलं आणि काकांनी काठी वहीवर टेकवली. बिबट्यासाठीची काठी.

"स्वतःकडे कसं जाता येईल? हा रकाना यजमानाचा. मिस्टरांचं नाव लिहा."

इथे मात्र माझी झोप उडाली. शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव माझं आहे. डाउन पेमेंट माझ्या आठ वर्षांच्या टूरमधलं आहे, त्यात एका हंगामात तर मी ताप अंगावर काढून व्हेनिसच्या पुलांवरून छत्री उंच धरून चालले आहे. हे मी काकांना सांगितलं, जरा मोठ्याने. दुसऱ्या मजल्यावर दिवा लागला. काका म्हणाले, "मालकी हा वेगळा विषय आहे, मॅडम. वही ही घरात आत्ता कोण आहे यावर चालते."

लिहिलं नवऱ्याचं नाव. नात्याच्या रकान्यात लिहिलं, पत्नी. सही केली. हे सांगताना मी हसते आहे असं समजू नका.

आदल्याच दिवशी झुरिचच्या विमानतळावर यंत्राने मला ओळखलं होतं. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपातल्या शेंगेन देशांच्या सीमांवर पासपोर्टवरचे शिक्के जाऊन बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायची पद्धत आली आहे. येताना ठेवलेला ठसा जाताना जुळवतात. केसांचं घरटं, डोळ्यांखाली गाठोडी, तरी त्या काचेने एका दमात सांगितलं, की हीच ती बाई. माझ्याशी तिची ओळख तीन आठवड्यांची. इथे मी चौदा वर्षं राहते.

आणि ठाण्याचा आत सोडण्याचा इतिहास तरी काय! २०१९ च्या फेब्रुवारीत एक बिबट्या पहाटे समता नगरच्या मॉलमध्ये शिरला. तिथून निघाला, तो जवळच्या हॉटेलच्या तळघरात. वनखात्याने त्याला बेशुद्ध करून नेलं, तोवर अख्खं ठाणे टीव्हीसमोर. आता तो बिबट्या ठाण्याचा रहिवासी, शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या शंभरावर चौरस किलोमीटरमधला वंशपरंपरागत कब्जेदार, हे मान्य. पण मॉलमध्ये त्याला कोणी विचारलं नाही कोणाकडे जायचंय म्हणून. यजमानाचं नाव मागितलं नाही.

माझाही दोष आहे म्हणा. परदेशात कोणी विचारलं, तुम्ही कुठे राहता, तर मी 'मुंबईजवळ' असं म्हणत नाही. 'डोंगरात' म्हणते. रुबाब येतो. यावेळचा आमचा बसचालक आल्प्समधल्या ग्रिंडेलवाल्ड गावचा. त्याच्या खिडकीतून आयगर शिखर दिसतं, म्हणजे दात घासताना समोर आयगरची उत्तर भिंत. त्याला मी मोबाइलवर पावसाळ्यातल्या येऊरचा फोटो दाखवला. हिरवागार, ढग टेकलेले. तो खूप वेळ बघत राहिला. मग आदराने म्हणाला, "छान आहे. आमच्याकडे अशांवर गाई चरतात. नाव देत नाही आम्ही."

दोन दिवस मी त्याला घोषणेसाठी माइक दिला नाही.

आणि तो फोटो चार वर्षांपूर्वीचा होता, हे मी त्याला सांगितलं नाही. आता माझ्या गॅलरीतून येऊर दिसतो तो दोन टॉवरांच्या फटीतून, नारळाच्या वडीएवढा. या दोन्ही टॉवरांच्या जाहिरातीत 'डोंगराच्या कुशीत' असं लिहिलेलं होतं. मी बाहेर किती दिवस होते हे मला कॅलेंडर बघून कळत नाही, टॉवर बघून कळतं. मागचं जपान चार मजल्यांचं झालं. हा युरोप सहा. पुढच्या लडाखपर्यंत वडीचा चुरा होईल, मग आमच्याच पैशांनी घेतलेल्या गॅलरीत उभं राहून आम्ही लोकांचे वाळत घातलेले टॉवेल बघू.

शनिवारी रात्री त्या फटीतून डोंगर दिसत नसला तरी ऐकू येतो. वरच्या बंगल्यांवर पार्ट्या असतात. घुबडं, रातवा, बेडूक वगैरे मंडळी आपापले सूर आवरून गप्प बसतात आणि दीड वाजेपर्यंत एकच ठोका. जंगलात आवाज करू नका असे फलक आहेत. त्या फलकापाशी थांबून, हॉर्न वाजवून, मागच्या गाडीला 'इकडून इकडून' सांगणारे मी स्वतः पाहिलेत. तक्रार करायला काकांकडे गेले तर म्हणाले, येऊर समितीच्या कक्षेत येत नाही.

त्यात आता बोगदा. ठाणे-बोरिवली, जोडरस्त्यांसकट सुमारे ११.८ किलोमीटर, राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून. भूमिपूजन २०२४ च्या जुलैत झालं, ठाण्याकडचं तोंड टिकुजिनी वाडीजवळ. घोडबंदर रोडने बोरिवली गाठताना जे आयुष्य जातं ते वाचेल, हे मलाही कळतं. पण डंपर बघून मी कुरकुरते. आणि कुरकुरता कुरकुरता मला माझाच आवाज ऐकू येतो, स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउ शिखराकडे चढणाऱ्या रेल्वेगाडीत माइकवरचा: "मंडळी, १८९६ ला काम सुरू झालं, १९१२ ला पूर्ण! सोळा वर्षं! आयगर आणि म्योंख पोखरून सात किलोमीटरहून लांब बोगदा, आणि वर ३४५४ मीटरवर स्टेशन! टाळ्या!" लोक टाळ्या वाजवतात. दुसऱ्याचा डोंगर पोखरलेला छान दिसतो. तिथे मीसुद्धा वाजवते.

शुक्रवारी सकाळी दूध आणायला खाली गेले, तर गेटबाहेर पाड्यावरची मावशी शेवळं, म्हणजे पावसाळी रानभाजी, घेऊन बसली होती. पहिला पाऊस पडला की आठ-पंधरा दिवस ती येते. मला बघून म्हणाली, "आलीस का? वाळलीस गं. काकडं पण देऊ ना?" शेवळात काकडं, म्हणजे ती आंबट रानफळं, नाही घातली तर घसा खाजून जीव नको होतो, आणि मी ती दरवर्षी घ्यायला विसरते, हेही तिच्या लक्षात होतं. ओटीपी न मागता. मी म्हटलं, "आत येऊन सावलीला का बसत नाहीस?" तिने वॉचमनच्या केबिनवरच्या कागदाकडे हनुवटी केली. 'विक्रेत्यांना प्रवेश नाही. हुकुमावरून, सुरक्षा समिती.' तिची आजी येऊरच्या पाड्यावर राहायची तेव्हा आमची सोसायटी ज्यावर उभी आहे ते भातखाचर होतं. कोणाकडे जायचंय हे खरं तर तिने आम्हाला विचारायला हवं. पण ती शेवळं मोजत होती. वाटा शंभरचा झालाय.

भाजी चांगली झाली. नवऱ्याने दोनदा घेतली, आणि म्हणाला, "काका भेटले का गं तुला? परवा वहीचं काहीतरी म्हणत होते." मी त्याला संपूर्ण हकिगत सांगितली. तो इतका हसला, की त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं नाही.

मला वाटलं, संपलं. परवा, म्हणजे सातव्या दिवशी, संध्याकाळी बेल वाजली. दारात काका. हातात वही, गाणं बंद. म्हणजे पदाने आले होते.

"मिस्टर आहेत का?"

"ऑफिसात आहेत. काय झालं?"

काकांनी वही उघडून पान समोर धरलं. माझी ओळ. नाव, खोडून सहार, खोडून वैयक्तिक, यजमान, नातं, आत आल्याची वेळ ४:५२. शेवटचा रकाना कोरा.

"तुमच्याकडे गुरुवारी पहाटे एक पाहुण्या आल्या होत्या. बाहेर पडल्याची नोंद नाही. सात दिवसांवर मुक्काम असेल, तर यजमानाचं पत्र लागतं." मग आवाज जरा खाली आणून, व्यक्तिशः, त्यांनी विचारलं, "त्यांनी या वेळी ते चॉकलेट आणलं नाही वाटतं?"

लडाखचा गट दोन दिवसांनी निघणार होता. माझी बॅग दारातच भरून ठेवलेली होती, काकांना ती दिसत होती.

"पत्र नको, काका," मी म्हटलं. "परवा पहाटे चारला जातायत त्या. तुम्ही गेटवर असालच."