धर्म विसरले होते, मग शनिवारी घाणा का बंद असायचा?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी हा मेसेज फिरून येतो. खाली जोडलेले हात आणि दोन झेंडे. मजकूर थोडक्यात असा: ‘कोकणातले ज्यू आपला धर्म विसरून पक्के हिंदू झाले होते. कोचीनच्या एका ज्यूने त्यांना शोधून परत ज्यू केले. मुंबईचे ससून त्यांच्यापैकीच. 1948 ला इस्रायल झाले आणि सगळे जल्लोषात मायदेशी परतले. आज इथे एकही मराठी ज्यू नाही, आणि तिकडे त्यांची मराठीही संपली.’

लिहिणाऱ्याला कौतुकच करायचंय, हे कळतं. पण माझं आजोळ अलिबागजवळचं, आणि हा मेसेज आला की माझा हात आपोआप टायपिंगकडे जातो. यावेळी एकदाच सगळं लिहून ठेवते.

‘धर्म विसरले होते.’ आजी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायची, आणि उत्तर त्या नावातच आहे. रायगडातल्या गावोगावी बेने इस्राएल, म्हणजे हे कोकणातले मराठी ज्यू, तेलाचे घाणे चालवत. बाकी तेल्यांचे घाणे शनिवारी फिरायचे, यांचे बंद, कारण शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. धर्म विसरलेला माणूस आठवड्यातून एक दिवस धंद्यावर पाणी सोडतो का? मुलगा आठ दिवसांचा झाला की सुंता व्हायची. ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थना पाठ होती. ताटात ज्यू धर्माच्या नियमाप्रमाणे खवले आणि पर असलेलाच मासा, म्हणजे कोळंबी नाही आणि खेकडाही नाही. कोकणात राहून, पिढ्यानपिढ्या, कोळंबी नाही! मला विचाराल तर याहून मोठा पुरावा नको.

मग त्यांच्या सणांची नावं बघा. ती हिब्रू नाहीत, म्हणून लोकांना वाटतं धर्म गेला. रोश हशाना, म्हणजे वर्षारंभ, हा त्यांचा ‘नव्याचा सण’. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, ते ‘दारफाळणी’ म्हणत: पांढरे कपडे, कडक उपास, दारं लावून दिवसभर घरात. पेसाख, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याच्या आठवणीचा सण. त्यात आठ दिवस आंबवलेलं काही चालत नाही, तर आंबट रसाचं मडकं झाकून ठेवायचं, म्हणून तो ‘अनाशी ढाकायचा सण’. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दिवसाचा शोक पाळून उपास सोडायचा तो बिरड्यावर, म्हणून ‘बिरड्याचा सण’. दोन हजार वर्षांपूर्वी दूर देशात कोसळलेल्या मंदिराचं सुतक वालाच्या बिरड्यात जपलेलं आहे, आणि आपण म्हणतोय विसरले.

मेसेजमध्ये खरं काय आहे तेही सांगायला हवं. हिब्रू गेली होती. तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या नव्हत्या. हनुक्का हा दिव्यांचा सण त्यांना माहीत नव्हता. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. हे सगळं नेमकं कधी घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, त्यामुळे ‘2000 वर्षांपूर्वी’ हा आकडा ठणकावून सांगू नये. 2016 मध्ये झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वारसे सापडले. ‘पक्के हिंदू’ही नव्हेत आणि ‘शुद्ध परदेशी’ही नव्हेत.

‘कोचीनच्या ज्यूने परत ज्यू केले.’ ती गोष्ट त्यांच्यातच जशी सांगतात तशी ऐका. डेव्हिड रहाबी आला आणि त्यानं परीक्षा म्हणून बायकांना मिश्र मासळी रांधायला दिली. त्यांनी खवल्यापरांचे मासे निवडून घेतले आणि उरलेले बाजूला सारले, ‘हे आम्ही खात नाही.’ तेव्हा त्याची खात्री पटली. म्हणजे रहाबीनं त्यांना ज्यू केलं नाही. ते ज्यू आहेत हे त्याला मासळीनं पटवलं! मग त्यानं झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर घराण्यांतल्या तिघांना प्रार्थना शिकवल्या, आणि त्यांना ‘काजी’ म्हणू लागले. आडनावं पाहिलीत ना? किहिमकर, चेऊलकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर. नकाशा समोर ठेवा आणि वाचत जा.

पुढचं शिक्षण तर त्यांनी स्वतःच मिळवलं. 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर या कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्यानं मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. त्याला ते ‘मशीद’ म्हणत, आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. मिशनरी जॉन विल्सननं त्यांच्यासाठी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. हेतू अर्थातच धर्मांतराचा होता. यांनी हिब्रू घेतली आणि बहुतेक जण ज्यूच राहिले. 1846 मध्ये पेसाखच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. 1874 ला पुण्यात निघालेल्या हग्गादेतल्या चित्रांत बायका साडी नेसून बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात.

‘ससून त्यांच्यापैकीच.’ नाहीत. डेव्हिड ससून बगदादहून आला, घरात अरबी बोलणारा. पुण्याच्या कॅम्पातलं ‘लाल देऊळ’ म्हणतात ते सिनेगॉग त्याचं. बगदादी ज्यूंपैकी काही जण तर प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांत बेने इस्राएल माणूस मोजायलाही राजी नसत. ‘सगळे ज्यू एकच’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

‘जल्लोषात मायदेशी परतले.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्राएल साधारण वीस हजार होते. रेल्वे, टपाल आणि फौज या त्यांच्या नेहमीच्या नोकऱ्या. ते एका रात्रीत गेले नाहीत, पुढची दोन-तीन दशकं हळूहळू गेले: कुणी श्रद्धेपोटी, कुणी मुलांची लग्नं जमावीत म्हणून, कुणी भाऊ गेला म्हणून. इथे त्यांना कुणी हाकललं नव्हतं. आणि तिकडे? 1951 मध्ये बीरशेबाला वसवलेल्या काही भारतीय ज्यूंनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं. रंगावरून भेदभाव होतो, आम्हाला परत मुंबईला पाठवा, अशी त्यांची मागणी. काही कुटुंबं 1952 मध्ये खरंच परत आली, आणि त्यातले बरेच नंतर पुन्हा तिकडे गेले. कुठलं घर आपलं, हे इतकं सोपं नव्हतं.

1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींकडून, म्हणजे धर्मगुरूंकडून, आदेश निघाला: बेने इस्राएलशी लग्न लावण्याआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासा. म्हणजे घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या पोरांना ‘तुम्ही खरे ज्यू आहात का’ असं विचारलं गेलं. 1964 च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं, प्रकरण संसदेत गेलं, पंतप्रधान एश्कोल त्यांच्या बाजूनं बोलले, तेव्हा कुठे त्या आदेशातून त्यांचं नाव निघालं. मेसेजमधल्या ‘जल्लोषा’त हे कुठे बसतं?

‘मराठी संपली, एकही उरला नाही.’ इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलंय. बेने इस्राएलांची कीर्तनं होती, मराठी ओव्यांतून योसेफ आणि मोशेच्या गोष्टी सांगणारी, आणि ती गाणाऱ्या आज्या तिकडेही आहेत. तिथे जन्मलेल्या नातवंडांची मराठी मात्र पातळ होत चाललीय, हे मान्य. अमेरिकेतल्या आपल्या भाचरांची वेगळी कुठे आहे?

इथले ज्यू आता थोडे, पण आहेत. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो रिकाम्या इमारतींना नव्हे. ठाण्याला, मुंबईत, पुण्यात रास्ता पेठेत, अलिबागच्या इस्राएल आळीत प्रार्थना होते.

गेल्या वर्षी एका मैत्रिणीच्या घरी मुलीच्या लग्नाआधी मलिदा, म्हणजे बेने इस्राएलांचा आभाराचा विधी, होता. परातीत भिजवलेले पोहे, वर ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम, आणि कडेनं फळं रचलेली. टोपी घातलेल्या काकांनी एलिया संदेष्ट्याचं गाणं, ‘एलियाहू हानाबी’, सुरू केलं आणि सगळ्यांनी मागून सूर धरला. झाडाच्या फळासाठी वेगळा आशीर्वाद, जमिनीतल्यासाठी वेगळा. मग हातातून हातात एक सुवासिक फूल फिरलं, कारण सुगंधालाही आशीर्वाद म्हणायचा असतो. मी हुंगून पुढे दिलं. शेजारच्या मावशी कानात म्हणाल्या, ‘अगं, आधी आमेन म्हण, मग पोहे मिळतील.’